पाच वर्षांचा म्होरक्या

टिटवीचं कुणीच खरं मानलं नाही, याचाच मला संताप येतो.

पूर्वी एका रानात पंच म्होरक्या नेमत आणि तो चुकला की त्याच दिवशी उतरवत. एकदा ससा म्हणाला, “पलीकडच्या रानात सगळे मिळून म्होरक्या निवडतात. मग पाच वर्षं त्याला कुणी हलवत नाही. आपणही तसंच करू, पंच हवेत कशाला?”

“अरे, पंच तिथंही आहेत! म्होरक्याला अडवतात ते!” टिटवी ओरडली.

“गप गं टिटवे, तुझं आपलं नेहमीचंच!” सगळे तिच्यावर खेकसले.

पंच मोडीत काढले, गव्याला म्होरक्या निवडलं. वर्षभरातच त्यानं तळं एकट्यासाठी अडवलं. हरणांची पाडसं तहानेनं मेली. जाब विचारला, तर म्हणतो कसा, “चार वर्षांनी या.”

मग सगळे दोषी शोधायला बसले. त्यांना ना गवा दिसला, ना ससा. म्हणाले, आधीच ओरडून अपशकुन केला तो टिटवीनं!