नकलेआधीची भाकरी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. वरच्या आळीत कुंभार राहत, खालच्या आळीत विणकर. जत्रेत एका आळीनं दुसऱ्या आळीतल्या माणसाची नक्कल करायची आणि साऱ्या गावानं पोट धरून हसायचं, अशी तिथली रीत होती.

एका वर्षी पाण्यावरून दोन्ही आळ्यांत भांडण पेटलं. वरच्या आळीतल्या हैबतीनं रागाच्या भरात खाली पेटती चूड फेकली. त्या आगीत खालच्या आळीतल्या ठकूबाईचा हातमाग जळाला. चूड कुणी फेकली, ते कुणालाच कळलं नाही.

"एवढी जत्रा झाली की आम्ही गाव सोडणार," खालची आळी म्हणाली.

जत्रा जवळ आली. ठकूबाईची नक्कल करायची पाळी नेमकी हैबतीवर आली. तो टाळू लागला. तेव्हा म्हातारा सोंगाड्या म्हणाला, "जिची नक्कल, तिच्या घरची भाकरी आधी खायची. रीत मोडायची नाही. जा!"

हैबती खाली मान घालून ठकूबाईच्या ओट्यावर बसला.

"खा रे बाबा," ती म्हणाली. "उपाशीपोटी माझा ठसका जमायचा नाही तुला!"

"मावशी, माग गेला. आता दिवसभर करता काय?"

"काय करणार? सकाळी उठते, त्या रिकाम्या जागी बसते. हात आपोआप चालतात. पाय मागाखालची पावडी दाबायला शोधतात. मग आठवतं, माग नाही."

हैबतीनं उरलेली भाकरी खाली ठेवली.

जत्रेत तो लुगडं नेसून आला. "अगं बाई, मिशा काढायच्या राहिल्या!" पोरं ओरडली. हैबती खाली बसला. त्याचे हात हवेत चालू लागले, पाय पावडी शोधू लागले. हसू विरलं. बायांनी डोळ्यांना पदर लावला.

"ती चूड मी फेकली," हैबती म्हणाला. "द्याल ती शिक्षा घेईन."

सारे ठकूबाईकडे बघू लागले.

"माग बांधून दे," ती म्हणाली. "आणि त्यावर पहिलं लुगडं विणून होईतो रोज सूत उकलायला ये. पुढल्या साली तुझी नक्कल मी करणार आहे. नीट बघून घेते तुला!"

वरच्या आळीनं लाकूड आणलं, खालच्या आळीनं सूत दिलं. गाव सोडून कुणी गेलं नाही. पाहुणे आले की दोन्ही आळ्यांची माणसं ताठ मानेनं सांगत, "आमच्या गावात कुणाला मारून चूक कबूल करवून घेत नाहीत. माणूस चारचौघांत आपणहून सांगतो."

बाळांनो, ज्याचं दुःख आपण स्वतः वागवून पाहतो, त्याच्याशी वैर धरता येत नाही.