चुलीवरचा काटा

फार जुनी गोष्ट. बर्फाच्या डोंगरातल्या एका घरात फरशीखालच्या नळीतून गरम पाणी फिरायचं. घर गारठलं की भिंतीवरचा ऊब मोजणारा काटा लाल दिवा लावायचा. पण तो काटा कुणा शहाण्याने नेमका चुलीच्या वरच्या भिंतीवर ठोकला होता.

भुरी मांजर मागच्या खोलीत व्याली आणि दुसऱ्याच दिवशी तिथली फरशी गार पडली. तिने कान लावला.

"घशात हवा अडकलीय गं," खालून नळी घोगऱ्या आवाजात म्हणाली. "पाणी पुढे सरकत नाही. वर कुणाला तरी सांग."

भुरी धावत काट्याकडे गेली. "दिवा लाव रे, मालक मिस्त्रीला बोलावतील."

"घर छान उबदार आहे," काटा म्हणाला. "तुझ्याच अंगात कसर असेल."

एवढा जाणता काटा सांगतोय, म्हणून भुरी मुकाट्याने पिल्लांपाशी जाऊन निजली. नळी हाका मारत राहिली.

तिसऱ्या दिवशी मालक अनवाणी मागच्या खोलीत आले, पायाला गारठा लागला, तेव्हा कुठे मिस्त्री आला. त्याने नळीची चावी फिरवली, फुस्स करून हवा निघाली आणि फरशी तापली. एक पिल्लू मात्र उठलं नाही.

भुरीने काट्याकडे पाहिलं.

"मी खोटं कुठे बोललो?" काटा म्हणाला. "माझ्यापाशी गारठा नव्हताच."