तापमापक आणि डांबरी रस्ता

शहरांत डांबरी रस्ते नुकतेच आले होते, तेव्हाची गोष्ट. बागेतल्या पांढऱ्या पेटीत, सावलीत, एक तापमापक राहत असे. ऊन किती, हे सगळे प्राणी त्यालाच विचारत.

एका वैशाखी दुपारी चिमी कुत्री तहानलेली पिल्लं घेऊन पलीकडच्या हौदाकडे निघाली. डांबरावर पाय पडताच पिल्लं केकाटत मागे फिरली. त्यांचे तळवे सोलले होते.

चिमीनं बैलाला विनवलं, "दादा, यांना पाठीवरून पलीकडे ने."

बैलानं तापमापकाला विचारलं.

"फक्त अडतीस!" तो तुच्छतेनं म्हणाला. "एवढ्यानं कुणी भाजत नाही. नाटकं आहेत सगळी."

"ते हवेचं झालं. रस्त्याचं काय?" चिमीनं विचारलं.

"मी रस्त्याबिस्त्याकडे बघत नसतो."

बैल मान हलवत निघून गेला.

तेवढ्यात एका माकडानं गंमत म्हणून तापमापकाला पेटीतून काढून रस्त्यावर नेलं. पाय पोळताच त्याला तिथंच ठेवून ते पळालं. पारा सरसर चढत साठावर गेला.

"अगं चिमे, उचल मला!" तापमापक ओरडला. "मी बिघडलोय वाटतं!"

"बिघडला नाहीस," चिमी म्हणाली. "आज पहिल्यांदाच घराबाहेर पडलास."