पाटावरची पाहुणी

एका बंदराच्या गावात एक तांडेल राहत होता. तांडेल म्हणजे गलबताचा मुख्य. तो देशोदेशी फिरायचा आणि परत आला की तिथल्या गोष्टी सांगायचा. त्याच्या बायकोचं मात्र नुसत्या गोष्टींनी पोट भरत नसे. तिच्या हाताला चव होती आणि हौसेला तर मोलच नव्हतं. तिने घरात एक रीत पाडली, दर पौर्णिमेला एक देश.

त्या दिवशी त्या देशाचा स्वयंपाक करायचा. लेकीने चिंध्यांची बाहुली करून तिला तिथला पोशाख चढवायचा. बाहुलीला पाटावर बसवून पहिलं ताट तिला वाढायचं आणि सगळ्यांनी त्या देशाच्या बोलीत मोठ्याने म्हणायचं, "या, बसा, जेवा!" मगच इतरांनी घास घ्यायचा. अशा रीतीने लेकीला चीनच्या शेवया कळल्या, इराणचा केशरभात कळला, जपानचे कागदी पक्षी करता येऊ लागले. शेजारीही जेवायला यायचे. "घरबसल्या जग दाखवतेस हो!" असं कुणी म्हटलं की तांडेलिणीच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

पौषातल्या पौर्णिमेला बर्फाच्या देशाची पाळी आली. तांडेल समुद्रावर गेला होता, पण जाताना त्याने तिथलं 'या, बसा, जेवा' दोघींकडून घोकून घेतलं होतं. तांडेलिणीने बीटाचं सार केलं, जाड रोट भाजले, वाटीत मध काढला. लेकीने बाहुलीला लाल लोकरीची शाल पांघरवली आणि गालांना कुंकू लावलं.

त्याच दुपारी बंदराला एक जहाज लागलं. बर्फाच्या देशात लढाई पेटली होती आणि तिथून जीव घेऊन पळालेली माणसं त्यातून उतरली. ती सगळी टेकडीवरच्या धर्मशाळेकडे निघाली. त्यांच्यातली एक बाई मागे पडली. तिच्या कडेवरचं मूल तापाने फणफणलं होतं. साराचा वास आला तशी ती तांडेलाच्या दाराशी थांबली. तिने आपल्या देशाचं नाव घेतलं आणि मुलाच्या तोंडाकडे बोट दाखवलं.

तांडेलिणीने तिला खालपासून वर न्याहाळलं. अंगावर गोणपाट, गालांची हाडं वर आलेली.

"त्या देशाची माणसं अशी नसतात," ती म्हणाली.

"आई, ताट वाढलेलंच आहे. हिला देऊया ना," लेक म्हणाली.

"ते पाहुणीचं आहे! आता माणसं येतील जेवायला. त्यांच्यासमोर हे ध्यान बसवू का?" तांडेलिणीने टेकडीकडे हात केला. "धर्मशाळा तिकडे आहे. जा बाई."

बाई वळली. तेवढ्यात मागच्या दाराने शेजारी आले, पाट मांडले गेले आणि तांडेलिणीने शिकवल्याप्रमाणे सगळ्यांनी बाहुलीकडे पाहून एका सुरात त्या देशाचं 'या, बसा, जेवा' म्हटलं.

दारावर थाप पडली. तांडेलिणीने फटीतून पाहिलं, तीच बाई. या वेळी ती हसत होती.

"काय चिकट आहे!" तांडेलीण पुटपुटली आणि तिने कडी घातली.

जेवणं रंगली. बाहेर खाडीवरचा वारा हाडं गोठवत होता. लेकीचं ताट तसंच राहिलं. पाहुणे पांगल्यावर तिने बाहुलीचं ताट उचललं आणि आईसमोर धरलं. तांडेलिणीलाही आता कसंतरीच वाटत होतं. तिने दार उघडलं.

बाई पायरीवरच बसली होती. धर्मशाळेत शेकोटी होती, पांघरूण होतं, पण ती गेलीच नव्हती. तिने गार पडलेल्या सारात बोट बुडवून मुलाच्या ओठांना लावलं. ओठ हलले नाहीत. तांडेलिणीने मुलाच्या कपाळाला हात लावला. सगळा ताप उतरला होता, कायमचा.

बाईने वर पाहिलं. पाटाकडे बोट करून तिने आपल्या बोलीत ते शब्द हळूच म्हटले, "या, बसा, जेवा." मग तिने आपल्या छातीवर हात ठेवला, जणू विचारत होती, मलाच बोलावलं होतं ना?

बाहुलीची लाल शाल काढून तांडेलिणीने त्या लेकराला गुंडाळलं, ती शाल त्याच्याबरोबरच मातीत गेली. पुढच्या पौर्णिमेला शेजारणीने विचारलं, "या खेपेला कोणता देश?" तांडेलीण दाराची कडी काढून पायरीवर जाऊन बसली.

तात्पर्य एवढंच: दारातल्या माणसाला ताट द्यायचं नसेल, तर घरातल्या बाहुलीला 'जेवा' म्हणू नये.