घाटाखालचं पेव

फार पूर्वी एक राज्य होतं. त्यात चार मुलूख होते, आणि ते आभाळावरून, म्हणजे पाऊसपाण्यावरून ठरवलेले. समुद्राकाठचा ओला, घाटावरचा कोरडा, त्यापलीकडे वाळूचा आणि अगदी टोकाला बर्फाचा. एकीकडचं घर दुसरीकडे टिकत नाही, एकीकडचं पीक दुसरीकडे येत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणून रीत होती, की परमुलखात गेलात तर तिथले सगळे ऋतू आधी अंगावरून जाऊ द्यायचे. तोवर शहाणपण शिकवायचं नाही.

कोरड्या मुलखात एक शेतकरी होता. त्याच्या पेवाचं मोठं नाव. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. त्यातली ज्वारी वर्षानुवर्षं तशीच राहायची. त्याने लेक दिली होती ओल्या मुलखात.

भाताची झोडणी आटपल्यावर, थंडीत, तो लेकीला भेटायला आला. तिच्या सासूने बियाण्याचा भात बांबूच्या कणगीत भरून चुलीवरच्या माळ्यावर चढवला होता. तांबडा, वासाचा भात. ते बी वाडीत त्या एकाच घरी राखत, पेरणीला सगळे तिथूनच नेत.

शेतकरी हसला. विहीणबाईंनी उंदरांसाठी पंगत मांडलीय म्हणाला. अंगणात पेव खणून देतो म्हणाला.

सासू म्हणाली, "व्याहीबुवा, इथली भुई पाणी पिते. पावसात येऊन बघा, मग खणा."

त्याने पहार मारली. भुई खडखडीत. "आमच्याहून टणक आहे की," तो म्हणाला. थंडीतली भुई ती. टणक नसेल तर काय?

सासूने सुनेकडे पाहिलं. "पुढे घर तुझंच आहे. कणगी उतरवू का, तू सांग."

सुनेने इथले पावसाळे काढले होते. इथे मिठाला पाणी सुटतं, पेटीतल्या लुगड्याला बुरशी येते, सगळं तिला माहीत. पण बाप सासरी तोंडघशी पडेल, ते तिला बघवेना.

"आबांचं चुकत नाही," ती म्हणाली.

कणगी उतरली. पेव भरलं, वर पेंढा घातला, माती लिंपली. बाप मिशीवर ताव देत घाट चढून गेला.

पाऊस लागून राहिला. वाडीतली माणसं टोपल्या घेऊन बियाण्याला आली. पेव उघडलं आणि असा वास आला की सगळ्यांनी पदर-पंचे नाकाला लावले. आतला भात काळा पडून त्याचा चिखल झाला होता. सुनेने कोपरापर्यंत हात घालून चाचपलं. एक दाणा धड हाती लागला नाही.

बापाला कळलं. तो बैलांवर ज्वारी लादून आला. ज्वारी खायला झाली, पण त्या पाण्यात ती पेरणार कुठे? वाडीने दुसरीकडून पांढरा भात आणला. तांबडा पुन्हा कुठेच मिळाला नाही.

सासू रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने व्याह्याला भाकरी वाढली आणि पाण्याचा तांब्या जवळ सरकवला.

"तुला माहीत होतं ना गं?" त्याने लेकीला विचारलं.

"होतं, आबा."

"मग बोलली का नाहीस?"

तिने त्याच्या ताटात आणखी एक भाकरी ठेवली. तिची पोरं पुढे तांबड्या भाताचा वास कसा होता विचारायची. तो तिला सांगता यायचा नाही. पेव अजून तिथेच आहे. पावसाळ्यात भरतं, आणि त्यात बेडूक राहतात.

तात्पर्य काय, तर एका ऋतूवरून मुलूख कळत नाही. आणि ज्याला तो कळलेला असतो, तोच आपल्या माणसाचा मान राखायला खरं बोलला नाही, तर बीही जातं आणि त्या माणसाची मानही खालीच जाते.