नथीतला मोती आधी

“…पण मग तिच्या मनात काय चाललंय ते मला कळायचं कसं, काका?”

आवाज निनादचा होता. शाल्मली काकांच्या घरामागच्या मोरीवर कपबश्या विसळत होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि नवरा तिच्याबद्दल अलिबागच्या एका म्हाताऱ्याला विचारत होता.

काकांचं उत्तर तिला ऐकू आलं नाही. नळाला नेमकं तेव्हाच जोरात पाणी आलं.

हात पुसत ती बाहेर आली, तर दोघं टेबलावरच्या चित्रात डोकं घालून बसलेले. जसं काही मघापासून बोलणं चित्राचंच चाललं होतं.

चिनी काचेच्या बाबतीत रूबेनकाका किहीमकरांचा हात धरणारं कोणी नव्हतं. निनाद त्यांच्याकडे दोन वर्षं शिकायला येत होता, आणि आता शिकायचं फारसं उरलं नाही असं त्याला वाटू लागलं होतं. लिलावात द्यायचं म्हणून आज पारखायला आणलेलं चित्र शाल्मलीला तिच्या मावशीनं लग्नात दिलेलं. काचेच्या मागून रंगवलेलं, पुढून बघायचं. एक नथवाली बाई, हातात डाळिंब.

“चिनीच,” निनाद म्हणाला. “काच पातळ आहे, खिडकीचे गज तिच्यात वाकडे दिसतात. आणि नथ बघा, डावी सोडून उजव्या नाकपुडीत. चीनमधल्या कँटनच्या चिताऱ्यानं समोर चित्र ठेवून उतरवलं, ते काचेतून उलटं झालं. नथ कुठल्या बाजूला, त्याला काय माहीत?”

“बरोबर,” काका म्हणाले.

निनाद सुखावला.

“आपल्याकडचा चितारीही घाईत असाच चुकतो,” काका म्हणाले. “तेही बरोबर.”

“मग चिनी की इथलं?”

“हो.”

“लिलाववाल्यांना ‘हो’ चालत नाही, काका. मागची फळी काढू या. रंगाचे थर बघितले की खात्रीच होईल.”

काकांनी चौकट उचलली, शाल्मलीच्या कानाशी नेली आणि हलकेच तिरकी केली. आत काहीतरी सरकलं. सुपात कण्या सरकाव्यात तसं.

“रंग,” काका म्हणाले. “सुटायला लागलाय. उरलेला कशाला धरून आहे, काचेला की फळीला, ते फळी ओढल्यावर कळतं.”

“म्हणजे उघडू नको?”

“उघड की. खात्री होईल. मग कशाची झाली, ते उरलं असेल तर बघू.”

शाल्मलीला कळेना, काका हो म्हणतायत की नको. आणि आपल्याला तरी काय हवंय? मावशीची बाई चिनी निघावी, की कुठलीही असली तरी अंगावरच्या रंगानिशी राहावी?

“मला एक सांग,” काका निनादला म्हणाले. “हे काम उलटं. जे सगळ्यात वर दिसायचं, ते सगळ्यात आधी. नथीतला मोती आधी. मग नाक, मग चेहरा. भिंत शेवटी.”

“माहितीये मला.”

“मग नाकच नव्हतं, तेव्हा मोती कुठे ठेवायचा हे चिताऱ्याला कसं कळलं?”

“काचेखाली रेखाटन ठेवत असतील.”

“असतील.”

काकांनी टेबलाचा खण ओढला, पक्कड काढली आणि निनादच्या हातात दिली. मग ते खिडकीतली तपकिरीची कुपी पुसत बसले. पांढऱ्या काचेवर लाल काचेचे मासे कोरलेले होते. काका एकेका माशाच्या पोटाखालून फडकं फिरवत होते. घरात दुसरं कोणी नसल्यासारखे.

निनादनं पक्कड पहिल्या खिळ्याला लावली. काढली. पुन्हा लावली. गंजाचा बारीक चुरा टेबलावर पडला.

नवरा इतका गोंधळलेला शाल्मलीनं पहिल्यांदाच पाहिला. तिला जरा बरंच वाटलं. मग चौकटीच्या आत पुन्हा काहीतरी सरकलं, आणि बरं वाटायचं थांबलं.

“काका, तुम्ही तरी सांगा ना. काढू का?”

“चित्र माझं नाही.”

निनादनं मान वर केली. पक्कड खिळ्याला धरलेलीच होती.

“शाल्मली, तुला काय वाटतं?”

काय वाटतं ते तिला अजूनही नीट माहीत नव्हतं. दोघंही तिच्याकडे बघत होते. काकांचं फडकंसुद्धा थांबलं होतं.

“आधी पक्कड खाली ठेव,” ती म्हणाली. “मग विचार.”