फ्रेडीशेठची तीन लाखांची गिटार

वसईच्या फ्रेडीशेठचा ऑर्केस्ट्रा मोठा आणि तोंड त्याहून मोठं. एकदा त्याने नामांकित परदेशी कंपनीची बास गिटार आणली, तीन लाखांची. लग्नाच्या मांडवात, कार्यक्रमाआधी सगळ्या वादकांसमोर तो बास वाजवणाऱ्या इवोनला म्हणाला, "तुझी ती फळी उद्यापासून स्टेजवर नको. अशी गिटार घे, नाहीतर घरी बस!"

त्याच जुन्या 'फळी'वर इवोनने त्याचे कितीतरी कार्यक्रम सावरले होते. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तिने नवी गिटार वाजवून पाहिली. आवाज चांगला होता, पण तीन लाखांइतका खास नव्हता.

"शेठ, एवढे पैसे कशाचे?"

"आवाजाचे!"

"नावाचे नाहीत?"

"नावाचा एक पैसा नाही. कान असलेल्याला कळतं!"

इवोनने वायरींची काळी चिकटपट्टी उचलली आणि गिटारीवरचं सोनेरी नाव झाकून टाकलं. "मग आज हीच वाजवते, अशीच."

"अगं, काढ ती पट्टी!" शेठ ओरडला. "नाव दिसलं नाही तर लोकांना कळणार कसं, केवढ्याची गिटार आहे ते?"

"म्हणजे ही ऐकायची नाहीच, वाचायची आहे!" इवोन कडाडली. "मग टांगा मांडवाच्या दाराशी, येणारे-जाणारे वाचतील. ऐकणाऱ्यांसाठी माझी आहे."

ड्रमवाल्यापासून गायिकेपर्यंत सगळे खो खो हसले. शेठ खाली मान घालून नखाने पट्टी खरवडू लागला. इवोन मात्र हसली नाही. तिने आपली गिटार जोडली आणि पहिलाच सूर असा लावला, की मांडवाचे खांब हादरले.